वेब सर्व्हर 'उतरवायचा' कसा?

शनिवारी संध्याकाळी सातला शिरोली एमआयडीसीतून फोन आला. हाताखाली नवीन लागलेलं पोरगं. म्हणालं, "सर, बॅकअपसाठी सर्व्हर मारला तरी परत उगवतोय."

"कसा मारलास?"

"यादीत त्याची ओळ दिसत होती. तिच्यापुढं 'संपव' म्हणून चार टाकला, एंटर दाबलं. ओळ गेली. पण ब्राउझरमध्ये पान अजून उघडतंयच. मिनिटभरानं बघितलं तर ओळी तितक्याच. आता दुसऱ्या ओळीपुढं चार टाकतोय."

"हात काढ कीबोर्डवरनं," म्हणालो आणि गाडी काढली. कावळा नाक्याच्या गर्दीत अडकलो तेव्हा लक्षात आलं, की चूक पोराची नव्हती. वेब सर्व्हर, म्हणजे ब्राउझरला पानं पुरवणारा प्रोग्रॅम, सुरू कसा करायचा हे आपण प्रत्येकाला शिकवतो. बंद कसा करायचा हे सांगायचं राहून जातं, कारण बंद करणं म्हणजे काय, बटणच तर दाबायचं, असं सगळ्यांना वाटतं.

कोल्हापूरच्या माणसाला हे समजवायला गुऱ्हाळासारखं दुसरं उदाहरण नाही. हंगामातल्या दिवसाच्या शेवटी गुऱ्हाळ बंद होतं ते कसं? काहिलीत रस उकळतोय आणि कुणी चुलवाणात पाण्याची घागर ओतली, असं होत नाही. आधी चरकात ऊस घालणं थांबतं. हौदात गाळलेला रस असतो तो संपवावा लागतो, कारण तसाच ठेवला तर आंबतो. मग शेवटचं आदण. जळव्या चिपाडं टाकायचा हात आधीच आखडता घेतो, कारण जाळ काही सांगितल्या क्षणी विझत नाही. गुळव्या पाण्यात थेंब टाकून गोळी बघतो, साधारण ११८ अंशांच्या आसपास पाक आला की काहील उतरते, वाफ्यात ओतली जाते, आणि त्यानंतर चुलवाण. म्हणजे बंद करायची सुरुवात आत येणाऱ्या मालापासून होते आणि जाळ सगळ्यात शेवटी. वेब सर्व्हर थांबवणं नेमकं असंच आहे. म्हणून मी त्याला 'मारणं' म्हणत नाही, 'उतरवणं' म्हणतो.

आता आमचं यंत्र. तो काही टेबलाखालचा पीसी नव्हे आणि मोठ्या बँकेतला मेनफ्रेमही नव्हे. दोघांच्या मधला, म्हणून मिडरेंज. आयबीएमनं २१ जून १९८८ रोजी एएस/४०० या नावानं हा संगणक जाहीर केला. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर गावात तो घडला. त्याच्या आधीची दोन भावंडं म्हणजे सिस्टिम/३६ आणि सिस्टिम/३८. पुढं नावं बदलत गेली. २००० मध्ये आय-सिरीज, मग सिस्टिम आय, आणि २००८ पासून पॉवर जातीच्या यंत्रांवर चालणारी 'आयबीएम आय' ही प्रणाली. पण ज्यांनी त्यावर केस पांढरे केले ते आजही 'एएस फोर हंड्रेड' म्हणतात, जसं ताराराणी चौक म्हटल्यावर जुनं माणूस क्षणभर थांबतं आणि मग "म्हणजे कावळा नाकाच की" म्हणतं. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माऊसचं काम नाही. कारखान्याचा स्टॉक, ऑर्डरी, पगार असं सगळं वर्षानुवर्षं यात बसलेलं असतं. वेब सर्व्हर हा त्याला नंतर जोडलेला दरवाजा. गेटवरचा माणूस मोबाइलवर चलान बघतो, ग्राहक आपली ऑर्डर कुठवर आली ते बघतो, ते या दरवाज्यातून. आत बसलेला वेब सर्व्हर मात्र जगभर चालतो तोच, अपाची. फक्त या यंत्राच्या रीतीभातीत बसवलेला.

त्या रीतीभातीतल्या दोन गोष्टी कळल्या की पोराचं कोडं सुटतं.

पहिली, जॉब. या यंत्रावर जे काही चालतं ते कुठल्या तरी जॉबच्या रूपात चालतं. तुम्ही लॉगिन केलंत की तो एक जॉब, रात्रीचा अहवाल निघतो तो एक जॉब. प्रत्येकाचं पूर्ण नाव तीन तुकड्यांचं असतं: सहा आकडी क्रमांक, कुणाच्या नावावर चाललाय तो वापरकर्ता, आणि जॉबचं नाव. वेब सर्व्हरचे जॉब 'क्यूटीएमएचएचटीटीपी' नावाच्या वापरकर्त्याखाली दिसतात. हे नाव पाठ करायची गरज नाही, बघितलं की ओळखू येतं.

दुसरी, सबसिस्टिम. जॉबांचे वाडे. माणसांच्या जॉबांचा वाडा वेगळा, रात्रीच्या कामांचा वेगळा, आणि वेब सर्व्हरचा 'क्यूएचटीटीपीएसव्हीआर' नावाचा वेगळा. या वाड्यात डोकावलं की एका सर्व्हरच्या नावाच्या एकापेक्षा जास्त ओळी दिसतात, आणि नवा माणूस इथंच फसतो. त्याला वाटतं एक ओळ म्हणजे एक सर्व्हर, बाकीच्या चुकून राहिल्यात.

खरं तर ते एकच कुटुंब असतं. त्यात एक कर्ता, म्हणजे व्यवस्थापक जॉब. तो स्वतः एकही पान देत नाही, नुसता लक्ष ठेवून असतो. त्याच्या हाताखाली एक कामकरी, जो एकाच वेळी अनेक धाग्यांनी ब्राउझरच्या मागण्या पुऱ्या करतो. त्याच्या शेजारी दुसरा कामकरी नुसता तयार उभा. याला 'हॉट बॅकअप' म्हणतात आणि मुळातच तो चालू ठेवलेला असतो. पहिला पडला की हा त्याच क्षणी पुढं येतो, आणि कर्ता मिनिटभरात नवा राखीव उभा करतो. नोंदवही लिहिणारा एखादा जॉब असतो तो वेगळा, आणि आरपीजी किंवा कोबोल या जुन्या भाषांतले आतले प्रोग्रॅम वेबसाठी चालवणारे सीजीआय जॉब वेगळे.

आमच्या पोरानं काय केलं? कामकऱ्याला मारलं. राखीव पुढं आला, कर्त्यानं नवा राखीव आणला. यंत्रानं ठरल्याप्रमाणे अगदी चोख काम केलं! सर्व्हर पडू नये म्हणून केलेल्या सोयीवर त्यानं धोंडे मारले, आणि ती सोय पुरी पडली. तसंच चालू ठेवलं असतं तर रात्रभर चार टाकत बसला असता. दुकान बंद करायचं तर पोऱ्याला बाहेर काढून भागत नाही, मालकाला सांगावं लागतं. आणि मालकाला सांगायची कमांड वेगळी आहे.

या यंत्रावरच्या कमांडींची नावं मोठी शिस्तशीर आहेत. आधी क्रियापद, मग कशावर ती क्रिया, आणि जवळपास सगळे तुकडे तीन-तीन अक्षरांचे. सुरू करायचं तर 'एसटीआर', संपवायचं तर 'ईएनडी', यादी घेऊन काम करायचं तर 'डब्ल्यूआरके'. एकदा लय सापडली की न शिकलेली कमांडसुद्धा अंदाजानं टाइप करता येते. बाकी कुठल्या यंत्रावर मला हे सुख मिळालं नाही. आम्ही बोलताना 'वर्क अॅक्ट जॉब' म्हणतो ती चालू जॉबांची यादी, आणि 'एंड टीसीपी सर्व्हर' म्हणतो ती आपल्या कामाची. टाइप करताना सलग, मधे जागा न सोडता, आणि 'सर्व्हर'चं नुसतं 'एसव्हीआर' करून.

आता नीट वाचा, कारण इथं दोन खड्डे आहेत आणि दोन्हींत माणसं पडलेली मी बघितली आहेत.

एंड टीसीपी सर्व्हर ही कमांड नुसती टाइप करून एंटर दाबलं, तर ती विचारत बसत नाही की कुठला सर्व्हर. न सांगता तिचा अर्थ 'स्टार ऑल', म्हणजे सगळे. वेब तर जातोच, फाइली पाठवायचा एफटीपी जातो, आणि दुरून लॉगिन करायच्या ज्या टेलनेटच्या दोरीवर तुम्ही लोंबकळून ही कमांड देताय तो टेलनेटही जातो. झाडाच्या ज्या फांदीवर बसलोय तीच तोडायची, तीसुद्धा सगळ्या कारखान्याला बरोबर घेऊन. मग उरतो तो खोलीतला यंत्राला थेट जोडलेला पडदा, म्हणजे कन्सोल, आणि खोलीची किल्ली ज्याच्याकडं आहे तो माणूस नेमका ज्योतिबाला गेलेला असतो.

दुसरा खड्डा जरा पुढं. समजा तुम्ही सांगितलंत की फक्त एचटीटीपी, म्हणजे वेब. तरी कुठल्या नावाचा, हे सांगितलं नाही तर पुन्हा 'सगळे'. एका यंत्रावर वेब सर्व्हरची अनेक रूपं चालू असू शकतात: एक गेटच्या चलानांचं, एक ग्राहकांचं, आणि एक २००१ क्रमांकाच्या पोर्टवरचं, म्हणजे जोडणीच्या दारावरचं, अॅडमिन, ज्यातून ब्राउझरनं बाकीच्यांचा कारभार बघता येतो. चलानांचं बंद करायला गेलात आणि ग्राहकांचंही गेलं, वर अॅडमिनही गेलं, तर ब्राउझरमधून परत सुरू करायचं बटणच गायब.

यावर उपाय सोपा आणि आळशी माणसाला आवडणारा आहे. कमांड टाइप करा आणि एंटरऐवजी एफ-४ दाबा. यंत्र रकाने मांडून पुढं ठेवतं. पहिल्यात स्टार-एचटीटीपी लिहा, एचटीटीपी सर्व्हरच्या रकान्यात त्या एका सर्व्हरचं नाव लिहा, दोनदा वाचा, मग एंटर. वीस-वीस वर्षं काम केलेले लोक एफ-४ दाबतात. न दाबणारे बहुतेक करून नवीन असतात.

ही कमांड कर्त्याला निरोप देते, कर्ता सगळ्या कुटुंबाला आवरायला सांगतो, आणि एकेक ओळ यादीतून निघून जाते. यादीवर एफ-५ दाबत राहिलं की दिसतं. कधी पाच सेकंदांत, कधी मिनिटभर. तेवढं थांबायचं.

एवढ्यावर लेख संपला असता. पण कमांड बरोबर दिली म्हणजे उतरवणं बरोबर झालं असं नाही. काहिलीत काय उकळतंय ते बघायचं राहिलं.

गेटवरच्या माणसानं मोबाइलवर 'चलान तयार करा' हे बटण दाबलं, तेव्हा आत काय होतं ते बघू. कामकरी जॉबच्या एका धाग्यानं मागणी घेतली. ती सीजीआय जॉबकडं गेली. तिथं आरपीजीतला एक जुना प्रोग्रॅम जागा झाला. त्यानं स्टॉकच्या फाइलमधली त्या मालाची ओळ हातात घेतली, म्हणजे कुलूप लावलं. दुसऱ्या कुणाला आता ती ओळ बदलता येणार नाही, जशी एका टेबलावर गेलेली फाइल दुसऱ्या टेबलावर मिळत नाही. त्यानं ४० नग वजा केले. मग चलानाच्या फाइलमध्ये वरची ओळ लिहिली, खालच्या ओळी लिहिल्या, कुलूप सोडलं, पान तयार केलं, ते मोबाइलवर गेलं, आणि वेब सर्व्हरनं आपल्या वहीत 'दिलं' अशी नोंद केली. हे सगळं सेकंदाच्या आत.

आता ४० नग वजा झाले आणि चलान लिहायच्या आधी जॉब तोडला. काय उरलं? गोदामात माल आहे, कागदावर नाही. चलान नाही, म्हणून बिल नाही. गेटवरच्या माणसाच्या मोबाइलवर पांढरं पान, म्हणून तो पुन्हा बटण दाबतो, आणि सर्व्हर परत आल्यावर आणखी ४० वजा होतात. सोमवारी स्टोअरकीपर आणि अकाउंटवाला एकमेकांकडं बघत बसतात, आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणतं, "शनिवारी सर्व्हर बंद केला होता न्हवं?"

यावर यंत्रात उत्तम औषध आहे. जर्नल नावाची सोय, म्हणजे मराठीत सरळ रोजकीर्द. फाइलमधला प्रत्येक बदल आधी रोजकीर्दीत उतरतो. आणि तिच्या जोडीला कमिटमेंट कंट्रोल, म्हणजे कच्चं-पक्कं. प्रोग्रॅम सांगतो की या पाच नोंदी मिळून एक व्यवहार. पाचही होईपर्यंत सगळं कच्चं, मग एकदम पक्कं. मधेच जॉब गेला तर यंत्र रोजकीर्द उलटी वाचत कच्चे बदल पुसून टाकतं, त्याला रोलबॅक म्हणतात. ४० नग आपोआप परत येतात. पण हे औषध प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं घातलं असेल तरच. तीस वर्षांपूर्वीचे आरपीजी प्रोग्रॅम अनेक ठिकाणी त्याशिवाय चालतात, आणि 'चालतंय की' म्हणून कुणी हात लावत नाही. आपल्याकडचे कुठले प्रोग्रॅम कच्चं-पक्कं करतात आणि कुठले करत नाहीत, हे सर्व्हर बंद करणाऱ्याला माहीत पाहिजे. माझ्या मते कमांडीपेक्षा हे जास्त महत्त्वाचं, आणि हेच कुठल्याही वहीत लिहिलेलं नसतं.

म्हणून मी आधी चरक थांबवतो. पुढं लोड वाटणारं यंत्र असेल तर त्याला सांगायचं, की इकडं नवीन पाठवू नको. नसेल तर प्रोग्रॅमच्या पहिल्या पानावर 'साडेसात ते साडेआठ काम चालू आहे' अशी पाटी. तीही सोय नसेल तर गेटवर फोन. फोनला हसू नका. आजवर सगळ्यात भरवशाचा उपाय तोच ठरलाय. मग पाच मिनिटं थांबायचं, जॉबांच्या यादीत सीजीआयवाले निवांत बसलेत का ते बघायचं, आणि मग एंड टीसीपी सर्व्हर. कमांड चालू विनंत्या पुऱ्या करून घेईल या भरवशावर मी बसत नाही. विनंत्या नसतील तेव्हाच कमांड देतो.

इतकं करूनही कधी एखादा जॉब जात नाही. बाकी सगळे गेले आणि हा एकटा ओसरीवर बसून राहिला. मग एंड जॉब ही कमांड, आणि तिची तीन पायऱ्यांची शिडी.

पहिली पायरी 'कंट्रोल्ड'. यात यंत्र जॉबला विनंती करतं की आवरा. न सांगता ३० सेकंद दिले जातात, हवे तर तुम्ही वाढवा. मजा अशी की ही विनंती ऐकायची की नाही हे प्रोग्रॅमवर असतं. आरपीजीमध्ये 'शटडाउन मागितलंय का' हे विचारायची एक आयती सोय आहे. शहाणा प्रोग्रॅम प्रत्येक फेरीला ते विचारतो आणि हो म्हटलं की हातातलं पुरं करून स्वतः उठतो. न विचारणारा प्रोग्रॅम आपल्याच नादात चालत राहतो, आणि मुदत संपली की यंत्र त्याला पुढच्या पायरीवर नेतं. हिरव्या पडद्यावर काम करणाऱ्या पोरांना मी सांगतो, की लांब फेरी लिहिताना ती एक ओळ घाला. दहातला एक घालतो.

दुसरी पायरी 'इमिजिएट'. नावावरून वाटतं की ही तलवार. तशी नाही. प्रोग्रॅमला आवरायला वेळ मिळत नाही हे खरं, पण यंत्र स्वतः मागं राहून आवरतं. फाइली बंद करतं, कुलपं काढतं, कच्चे व्यवहार पुसतं, जॉबचा लॉग लिहून ठेवतं. या आवरण्याला वेळ लागतो, आणि तो लागतोय हे पडद्यावर नीट दिसत नाही. ओळ तशीच. एफ-५ दाबा, तशीच. परत दाबा, तशीच. माणसाचा धीर सुटतो तो इथं.

माझाही सुटला होता. बरीच वर्षं झाली, एका दुसऱ्या कारखान्यात होतो. महिनाअखेरचं एक काम कुणीतरी वेबच्या पानावरून सुरू केलेलं, हजारो ओळी बदलून झालेल्या, सगळ्या कच्च्या. मी इमिजिएट दिलं. ओळ जाईना. दहा मिनिटं वाट बघितली आणि तिसरी पायरी चढलो.

तिसरी पायरी 'एंड जॉब एबीएन', म्हणजे अॅबनॉर्मल. ही कमांड यंत्र लगेच देऊ देत नाही. इमिजिएट दिल्यापासून १० मिनिटं गेल्याशिवाय ती चालतच नाही. ज्यांनी हे ठरवलं त्यांना माणसाचा स्वभाव पक्का ठाऊक असणार. एबीएन दिल्यावर यंत्र आवरणं सोडून देतं. जॉब जातो, पण पसारा तसाच, आणि पुढच्या वेळी यंत्र बंद होईल तेव्हा ते 'अॅबनॉर्मल' बंद झालं अशी खूण पडते. मग चालू होताना, म्हणजे आयपीएलच्या वेळी, यंत्र सगळी तपासणी करत बसतं. माझं तेच झालं. ज्या रोलबॅकला कंटाळून मी एबीएन दिलं तो रोलबॅक काही टळला नाही. उरलेला भाग आयपीएलला झालाच, आणि तेव्हा एक जॉब नव्हे, अख्खं यंत्र खोळंबलं होतं. पहिल्या पाळीच्या गाड्या भरायच्या राहिल्या. साहेब काही बोलले नाहीत, नुसता चहा पाठवला. ते जास्त लागलं.

आता मी काय करतो? यादीवर एफ-११ दाबतो. त्यानं दुसरे रकाने दिसतात, त्यात डिस्कवरच्या वाचन-लेखनाचा आकडा असतो. एफ-५ दाबल्यावर तो वाढत असेल तर जॉब अडकलेला नाही, रोजकीर्द उलटी वाचतोय. जितका वेळ पुढं गेला होता साधारण त्या मानानं मागं यायलाही वेळ लागणार. जाऊन चहा पिऊन यावं. आकडा अजिबात हलत नसेल तर दुसऱ्या कुणाच्या कुलपासाठी थांबलाय का ते बघावं. एबीएनचं नाव मी त्यानंतर पुन्हा काढलेलं नाही.

कुणी म्हणेल, सगळा वाडाच बंद करू, सबसिस्टिम संपवायची 'एंड एसबीएस' कमांड आहेच. आहे. एका वाफ्याचं पाणी तोडायला नदीवरचा पंप बंद करण्यातला प्रकार तो. अख्खं यंत्र बंद करायचं असेल, किंवा दुरुस्तीचे मोठे तुकडे, ज्यांना पीटीएफ म्हणतात, ते चढवायचे असतील, तेव्हा ठीक.

लिनक्सवाल्यांसाठी थोडं, कारण राजारामपुरीतल्या क्लासांतून येणारी पोरं आधी तेच शिकून येतात. तिथं जॉबऐवजी प्रोसेस आणि कमांडीऐवजी सिग्नल. १५ क्रमांकाचा सिग्नल म्हणजे 'आवर', ९ क्रमांकाचा म्हणजे मान उडवणं. ९ ला प्रोसेस अडवूच शकत नाही, आणि मागं आवरायला रोलबॅक करणारं घरचं माणूस असेल तर ते डेटाबेसच्या बाजूला, सर्व्हरच्या नाही. पण १५ दिला म्हणजे सभ्यपणा झाला, हाही गैरसमज. अपाचीला १५ दिला तर तो चालू मागण्या तिथल्या तिथं तोडतो. हातातलं पुरं करून बंद व्हायला 'ग्रेसफुल-स्टॉप' वेगळं सांगावं लागतं, ते २.२ आवृत्तीपासून आहे. एनजिनेक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्येही सभ्य थांबणं 'क्विट' सिग्नलनं होतं, १५ नं नाही. आणि एक गंमत: अपाचीनं ग्रेसफुल-स्टॉपसाठी जो सिग्नल वापरलाय तो मुळात 'खिडकीचा आकार बदलला' हे सांगणारा आहे. त्यामुळं अपाची समोरच टर्मिनलमध्ये चालवून ठेवला आणि खिडकी ओढून मोठी केली, तर सर्व्हर गुपचूप बंद होऊ शकतो. ज्याला हे ठाऊक नाही त्याचा अख्खा दिवस जातो.

तर शनिवारी पोचलो तेव्हा पोरगं हात मांडीवर ठेवून बसलं होतं. मारलेल्या दोन कामकऱ्यांचे जॉब लॉग आधी उघडून बघितले. नशीब, त्या वेळी गेटवर गाडी नव्हती. तरी आम्ही चलानाची आणि स्टॉकची फाइल समोरासमोर लावून शेवटच्या दहा नोंदी जुळवल्या. मग त्यानं स्वतः गेटवर फोन केला, "मामा, अर्धा तास मोबाइलला हात लावू नका." एफ-४, रकाने, नाव. ओळी एकेक करत गेल्या.

ओळी गेल्या म्हणजे दरवाजा मिटला याची खात्री वेगळी करायची असते. 'नेटस्टॅट' नावाच्या जोडण्यांच्या यादीत सर्व्हरचा पोर्ट 'लिसन', म्हणजे कान देऊन बसलेला, असा दिसता कामा नये. त्या पोर्टच्या काही ओळी 'टाइम-वेट' अवस्थेत राहिलेल्या दिसतील. त्यांना घाबरायचं नाही आणि त्या मारायच्याही नाहीत. जोडणी मिटल्यावर वाटेत रेंगाळलेलं एखादं पाकीट नव्या जोडणीत घुसू नये म्हणून जोडण्या सांभाळणारा टीसीपी ती जागा थोडा वेळ, आमच्या यंत्रावर साधारण दोन मिनिटं, राखून ठेवतो. काही सर्व्हर लगेच परत सुरू केले तर 'पत्ता वापरात आहे' म्हणून तक्रार करतात ते यामुळं. दोन मिनिटांनी पुन्हा सांगितलं की चालतात.

बॅकअप झाला, साडेआठ वाजले. सुरू करायची कमांड त्याला आधीच येत होती. तरी एफ-४ दाबलाच, कारण तिथंही नाव न सांगता सोडलं तर सगळेच सर्व्हर उठतात, कुणी मुद्दाम बंद ठेवलेला असला तरी. यादीत कुटुंब परत आलं. पोरगं गेटवर फोन करायला निघालं, त्याला थांबवलं. "आधी तू उघड." सगळे जॉब नवे, फाइली अजून कुणी उघडलेल्या नाहीत; पहिल्या माणसाला सगळा भार पडतो आणि तो माणूस गेटवरचा मामा असेल तर 'सर्व्हर बिघडवला' अशी बातमी कॅन्टीनपर्यंत जाते.

त्यानं मोबाइलवर चलानाचं पान उघडलं. अकरा सेकंद लागले. दुसऱ्यांदा उघडलं, लगेच आलं. मग मामांना फोन केला.